मागच्या सीटचा मान

आंबेटाकळीच्या राजेसाहेबांची मोटार खिंड चढत नव्हती, आणि खिंडीवरच्या त्यांच्याच बंगल्यात रविवारी सकाळी साडू भुजंगराव न्याहारीला येणार होते.

भुजंगरावांची दोन घोड्यांची बग्गी होती. ती कुठेही चढायची. मोटार ही सपाट रस्त्यावरून मिरवायची वस्तू आहे, असं ते लग्नाकार्यात चारचौघांत बोलून दाखवत. शेवटी राजेसाहेबांनी भर पंक्तीत सांगून टाकलं की रविवारी आपण मोटारीनंच वर येऊ.

सांगून ते मोकळे झाले. अडकला तो ड्रायव्हर दस्तगीर शिकलगार. मोटार राजेसाहेबांच्या वडिलांनी घेतलेली, वीस वर्षांची. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर, त्यामुळे टाकी कायम अर्धी रिकामी. निम्मी खिंड चढली की दोन आचके देऊन इंजिन गप्प व्हायचं. आजवर तिथून पुढं बैल जुंपत. राजेसाहेबांनी दस्तगीरला बोलावून घेतलं.

"बैल लावायचा नाही. माणसाचा हात लावायचा नाही. आणि वर पोचल्यावर साडूंनी हसायचं नाही. यातलं एक जरी चुकलं, तर टोपी काढून ठेव आणि खोली रिकामी कर."

साडूंनी हसायचं की नाही, हे दस्तगीरनं कसं ठरवायचं? पण सरकारांना विचारणार कोण?

मग वडीलधाऱ्यांची बैठक भरली. संस्थानात अडचण आली की वडीलधारे जमत, आणि ते जमले की अडचणी दोन होत. कारभारी म्हणाले, दृष्ट लागली आहे, चाकाखाली लिंबू ठेवा. पागेचे जुने जमादार म्हणाले, पुढ्यात हरभरे दाखवा. त्यांना ते जनावर नव्हे असं कुणीतरी सांगितलं, तर ते रुसून बसले. खिंडीचं तोंड दक्षिणेला आहे, तिथंच सगळं बिनसलंय, असं पुराणिकबुवांचं मत पडलं. मोटारीचं झाकण उघडून बघा, असं एकाही पांढऱ्या मिशीला सुचलं नाही.

दस्तगीरची मुलगी मदिना तेवढ्या वेळात गाडीखाली शिरून बाहेरही आली होती. लहानपणापासून ती बापाला पाने-पकडी उचलून देत आली होती. कुठली नळी कुठं जाते ते तिला पाठ होतं. पेट्रोलची टाकी सीटखाली, इंजिन पुढं, आणि मधल्या नळीतून पेट्रोल आपल्या वजनानंच वाहत जायचं.

"अब्बा, चढावर नाक वर होतं. मग इंजिन वर आणि टाकी खाली. पाटाचं पाणी कधी चढावर गेलंय का?"

"मग काय करू? खिंड आडवी करू?"

"गाडी उलटी करा. रिव्हर्सनं चढवा. टाकी वर येईल, इंजिन खाली."

दस्तगीरनं कपाळावर हात मारला. युक्ती पटली होती, धीर होत नव्हता. सरकारांना उलटं नेणारा ड्रायव्हर त्या मुलखात झाला नव्हता. पण खोली रिकामी करून जायचं तरी कुठं?

रविवारी खिंडीच्या पायथ्याशी त्यानं गाडी वळवली आणि तिची पाठ डोंगराकडं केली. मागचा रस्ता बघायला कुणीतरी हवं, म्हणून मदिना मोटारीच्या बाजूच्या पायरीवर उभी राहिली. राजेसाहेबांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. दस्तगीर डोक्यावरची टोपी सारखी करत राहिला. मदिनाच बोलली, की आधी कुठलं टोक पोचावं हे सरकारांनी सांगितलेलं नाही, आणि हसण्याचं वर गेल्यावर बघू.

"वर साडू हसले, तर तिथूनच तुझ्या बापाची टोपी दरीत जाईल," राजेसाहेब म्हणाले. पण परत फिरावं तर साडू आयुष्यभर ऐकवणार. ते बसून राहिले, आणि पुढं दस्तगीरशेजारी कारभारीही.

गाडी निघाली. एरवी बंद पडायची ते वळण आलं आणि मागं पडलं. मदिना "डावीकडं, अब्बा, अजून डावीकडं" म्हणत होती. राजेसाहेब आपलंच गाव हळूहळू लहान होताना बघत होते, आणि रस्त्याकडेच्या मेंढ्या त्यांना बघत होत्या.

बंगल्याच्या अंगणात भुजंगराव कप हातात घेऊन उभे होते. आधी मोटारीचा मागचा भाग आला, मग राजेसाहेबांच्या फेट्याचा शेमला. भुजंगराव इतके हसले, की निम्मा चहा बशीत आणि निम्मा धोतरावर.

"राजे, आपण येताय की परत निघालाय, तेच कळेना!"

कारभाऱ्यांनीसुद्धा उपरण्यात तोंड लपवलं. राजेसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी टोपीसाठी ड्रायव्हरपुढं हात केला. दस्तगीरनं टोपी काढली.

"सरकार, पाहुण्यांना एक विचारू?" मदिना पायरीवरून उतरत म्हणाली. कारभाऱ्यांनी डोळे वटारले. तिनं तिकडं बघितलंच नाही. "रावसाहेब, आज आपली बग्गी इथं आली, तेव्हा या अंगणात आधी कोण पोचलं?"

"आधी कोण म्हणजे? आम्ही."

"आपण कुठं होतात?"

"मागच्या गादीवर."

"आणि पुढं?"

भुजंगरावांनी वळून बग्गीकडं पाहिलं. "गाडीवान."

"त्याच्याही पुढं?"

 पुढं उभा असलेला घोडा फुरफुरला.

"म्हणजे आधी घोडे पोचले, मग चाकर आणि सगळ्यांत शेवटी आपण," मदिना म्हणाली. "मोटारही सरळ आली असती, तर माझा बाप सरकारांच्या आधी पोचला असता. आपण वाट बघत असताना साडूंच्या आधी साडूंचा नोकर समोर यावा, हे बरं दिसलं असतं का? म्हणून मागची सीट पुढं आणली. या खिंडीत चाकराच्या आधी पोचलेला धनी आजवर एकच."

 राजेसाहेब जे हसायला लागले, ते फेटा सैल झाला तरी थांबेनात. भुजंगरावांनी भिजल्या धोतराकडं पाहिलं, घोड्यांकडं पाहिलं आणि तेही हसले. पण आता स्वतःलाच.

राजेसाहेबांनी आपल्या हातानं दस्तगीरच्या डोक्यावर टोपी चढवली, राहती खोली कायमची त्याच्या नावे केली, आणि तुला काय हवं म्हणून मदिनाला विचारलं.

"उतरताना गाडी मी चालवणार."

मुलीच्या जातीला हे शोभतं का, असं कारभारी पुटपुटले.

"कारभारी," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही लिंबू घेऊन चालत या." आणि ते मागच्या सीटवर जाऊन ऐसपैस बसले.