पिथारीच्या नवरीचं भोकाचं मडकं

अथेन्सजवळच्या पिथारी गावात नव्या नवरीला सासरकडून आहेर म्हणून एक मडकं मिळतं, आणि त्याच्या बुडाशी भोक असतं. परगावचे पाहुणे आधी वरपक्षाच्या ऐपतीबद्दल शंका येऊन एकमेकांकडे बघतात. मग गावातले स्तेलिओस म्हातारबा त्यांना झऱ्याकाठी बसवतात, तसलंच एक मडकं काठोकाठ भरून दगडावर ठेवतात, खाली दुसरं ठेवतात, आणि बारीक धार लागली की गोष्ट सुरू होते. पाणी संपेपर्यंत गोष्ट संपली पाहिजे, असा नियम. म्हणून म्हातारबा पहिल्या वाक्यापासूनच घाईत असतात.

फार जुना काळ, म्हणे. अथेन्सच्या न्यायसभेत तेव्हा वकील नव्हते, न्यायाधीशही नव्हते. चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाचशे नागरिक, त्यात चांभार, कोळी, कांदे विकणारे, बाकांवर बसून निवाडा करत. ज्याच्यावर आरोप, त्याने स्वतः उभं राहून बोलायचं. किती वेळ, ते मडकं ठरवी. श्रीमंत असो की फाटका, दोघांना सारखंच पाणी. फक्त कायदा वाचला जात असताना पाणीवाला भोकावर अंगठा ठेवी, कारण तो वेळ कुणाच्याच वाट्याचा नव्हे.

ही मडकी पिथारीचा थेरोन कुंभार घडवायचा. हात इतका पक्का की दोन मडक्यांत थेंबाचा फरक नसे. जीभ मात्र अडखळायची. त्याचं क्रिसिलाशी लग्न होऊन तीन महिने झाले होते. ती बोलायची कमी, बघायची सगळं.

अशात शेजारच्या बागांचा मालक मेलांथोस याने फिर्याद ठोकली, की देवीसाठी राखलेल्या ऑलिव्हच्या झाडाचं जुनं खोड थेरोनने उपटून भट्टीत जाळलं. शिक्षा एकच, हद्दपारी. चाक, भट्टी, घर, सगळं जाणार.

खोड कुठे आहे ते क्रिसिलाला ठाऊक होतं. तेलाचे बुधले पोचवायला गेली तेव्हा मेलांथोसच्या नव्या घाण्याखाली चुना फासलेलं ते खोड तिने पाहिलं होतं. पण बाईने न्यायसभेत बोलायचं नाही, अशी तिथली रीत. सगळ्यांचं ऐकणाऱ्या त्या सभेला एवढं मात्र सुचलं नव्हतं.

"सभेची मडकी तूच करतोस ना?" ती म्हणाली. "तुझ्या वाट्याच्या मडक्याचं भोक कणभर बारीक ठेव. कोण बघतंय?"

थेरोनने हातातलं मडकं खाली ठेवलं. "प... पाणी सगळ्यांना सारखं."

"मग जा हद्दपार," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने त्याला दोनच शब्द घोकायला दिले. "अडलास की म्हणायचं, कायदा वाचा. पाणी थांबेल, तोवर श्वास घे."

सभेच्या दिवशी ती घागर डोक्यावर घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिली, पाण्याला निघाल्यासारखी. मेलांथोस अर्धं मडकं देवीवर बोलला आणि उरलेलं स्वतःच्या सज्जनपणावर. मग थेरोन उभा राहिला.

"नागरिकहो," इथवर ठीक गेलं. "ख... खोड..." आणि जीभ अडली. त्याने ते दोन शब्द काढायला घेतले, तर तेही निघेनात. "का... का... का..." धार चालूच. कुंभाराची बायको ती. नुसत्या आवाजावरून तिला कळलं, निम्मं पाणी गेलं. ती घागर खाली ठेवून कुंपणाला चिकटली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक कांदेवाला ओरडला, "अरे, कायदा म्हणतोय तो! कायदा वाचा म्हणतोय!"

"कुठे म्हणाला?" मेलांथोस उसळला. "पुरतं म्हटलेलं नाही त्याने."

"तुमचं सज्जनपण आम्ही पुरतं ऐकलं ना? बसा आता."

मग एकच गलका उठला. कायदा वाचा, कायदा वाचा. पाणीवाल्याने अंगठा ठेवला आणि लेखनिकाने कायद्याच्या आरंभीची सभेची शपथ वाचली: 'फिर्यादीचं आणि आरोपीचं, दोघांचं सारखंच ऐकेन.' थेरोनने श्वास घेतला, एक शब्द काढला, पुन्हा अडला. पुन्हा गलका, पुन्हा अंगठा, पुन्हा शपथ. नऊ वेळा वाचली असं सांगतात. कुणी अकराही म्हणतात. लेखनिकाचा घसा बसला तेव्हा पाचशे जण मिळूनच म्हणू लागले. आणि त्या गजरात थेरोनचं बोलणं पुरं झालं: "खोड जळलं नाही. याच्या घाण्याखाली आहे. चुना फासलाय. जाऊन बघा."

मडक्यात अजून ओंजळभर पाणी होतं. माणसं धावत जाऊन चुना खरवडून आली. मत द्यायच्या काशाच्या चकत्या मोजल्या, तर मेलांथोसच्या बाजूने पाचवा हिस्साही पडला नाही.

घरी आल्यावर दोघं कडाडून भांडली, म्हणे. "भोक बारीक केलं असतंस तर माझा जीव एवढा टांगणीला लागला नसता," ती म्हणाली. थेरोनने फळीवरचं मडकं भरून मध्ये ठेवलं. आधी ती बोलली, पाणी संपेपर्यंत. त्याची पाळी आली आणि पहिल्याच अक्षराला तो अडला. तिने हात पुढे केला आणि भोकावर आपला अंगठा ठेवला. तो काय म्हणाला हे कुणालाच ठाऊक नाही. ती वाट बघत राहिली, एवढंच सांगतात.

आजही पिथारीत नवराबायकोचं वाजलं की ते मडकं खाली निघतं. पाणी सारखं, आणि अडलेल्यासाठी अंगठा ठेवायचा तो समोरच्याने. इथवर सांगून म्हातारबा पाहुण्यांना ती शपथ म्हणून दाखवतात. एका दिवशी असेच दाखवत होते. "दोघांचं..." म्हणाले आणि थांबले. वय झालंय, शब्द निसटतात. पाहुण्यांना वाटलं, संपलं. एकाने टाळीसाठी हात उचलले.

शेजारच्या दगडावर शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोने, आर्गिरो म्हातारीने, मान वर न करताच डावा हात लांबवला आणि भोकावर अंगठा ठेवला. धार थांबली. टाळीसाठी उचललेले हात खाली आले.

"सारखंच," म्हातारबा म्हणाले. "दोघांचं सारखंच ऐकेन."

मग तिने अंगठा काढला.