मशीनमधली शलू

"वाक्य बदलू, बाबा, की आवाज?"

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा सुपात बाजरी घेऊन खडे वेचत बसले होते. पाखरांना टाकायची बाजरी, पण निवडणं असं चाललेलं की जणू घरी पाहुणे यायचेत.

गावाबाहेरच्या पिराच्या थडग्याची झाडलोट करणारा हा म्हातारा. त्याआधी बावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात माणसांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवायचं काम त्यांनी केलं. त्यांच्या पाळीत एकही माणूस तपासणी अर्धवट टाकून उठला नाही, असं तिथल्या जुन्या नर्सबाया अजून सांगतात. म्हणून तर शलाका सत्तर किलोमीटर गाडी हाणत आली होती. नाहीतर ही बाई कुणाला काही विचारणाऱ्यातली नव्हे!

"आधी तू केलंयस काय, ते तरी सांग."

तिनं सांगितलं, आणि काय ऐटीत सांगितलं! तपासणी केंद्रांसाठी तिनं फोनवरची सगळी व्यवस्था उभी केली होती. वेळ घरबसल्या ठरवा. कुठल्या दारानं आत यायचं, उपाशी यायचं की जेवून, सगळं चित्रांसकट. रिपोर्ट साध्या मराठीत. आणि मशीनमध्ये झोपलेल्याच्या कानात एक आवाज... 'आता चार मिनिटं उरली. कृपया हालचाल करू नका.' अकरा केंद्रांनी ही व्यवस्था घेतली होती.

"आवाज कुणाचा?"

"माझाच."

"गोड आहे."

शलाका सुखावली. फकिराच्या दारात का होईना, कौतुक ते कौतुक.

"मग अडलं कुठं?"

इथं मात्र तिचा आवाज खाली आला.

"माझे अण्णा... दोनदा उठून आले, बाबा."

अण्णांच्या मणक्यात गाठ होती. पायातली ताकद रोज थोडी थोडी चालली होती. गाठीचं चित्र हातात आल्याशिवाय डॉक्टर सुरी लावायला तयार नव्हते, आणि उशीर झाला तर पाय कायमचे गेले, हेही त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. मशीनमध्ये जाताना पेशंटच्या हातात एक रबरी गोळा देतात, घाबरलं की दाबायचा. अण्णांनी तो पहिल्या वेळी सहाव्या मिनिटाला दाबला, दुसऱ्या वेळी नवव्या. उद्या अकरा वाजता तिसरी वेळ होती.

"अंधाराला भितात?"

"छे हो! जन्मभर विहिरीतल्या मोटारी दुरुस्त केल्यात त्यांनी. साठ-साठ फूट खाली उतरायचे."

"आणि वर?"

"वर काका असायचे. दोर धरून."

"हं..."

बाबांनी एक खडा वेचून लांब फेकला.

"उठले तेव्हा म्हणाले काय?"

हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही.

"म्हणाले... शलू, मी तुला आतून म्हटलं, पाठ लई दुखतीय गं बाळा. तर तू म्हणालीस, कृपया हालचाल करू नका."

सांगता सांगता तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

"म्हणून विचारते, बाबा. 'कृपया' काढून टाकू? की अण्णा अशी हाकच घालू त्यात? रात्रीत बदलता येईल मला. तुम्ही नुसतं सांगा."

"झोप."

"काय?"

"इथं, ओट्यावर. उताणी. आणि हलायचं नाही."

शलाका झोपली. बाबांनी आपली हिरवी चादर तिच्या तोंडावरून पार गुडघ्यांपर्यंत ओढली. मग पायाशी जाऊन बसले, पत्र्याची बादली जवळ ओढली आणि एका धोंड्यानं ती त्या मशीनसारखी वाजवायला लागले.

ठक. ठक. ठक.

पहिल्यांदा तिला गंमत वाटली. मग दगडाचा गारवा पाठीत उतरला. चादरीतून ऊन झिरपत होतं, हिरवं, हलणारं. बघता बघता तिला वाटायला लागलं की आपण पाण्याच्या तळाशी आहोत. भोवती दगडी बांधकाम आहे. वर, फार वर, आभाळाचा भाकरीएवढा तुकडा. आणि त्या तुकड्यातून कुणीतरी गोड आवाजात सांगतंय, आता चार मिनिटं उरली. चार मिनिटं उरली... चार...

तो तिचाच आवाज होता. पण वर ती नव्हती.

"बाबा."

ठक. ठक.

"बाबा, आहात ना?"

ठक. ठक. ठक.

किती वेळ झाला, काही कळेना. आता चादर फेकून उठायचं, मग म्हणू देत काय म्हणायचं ते... तिनं हाताची मूठ आवळली, आणि तेवढ्यात तिच्या उजव्या पायाचा अंगठा कुणीतरी धरला.

दाबला नाही. ओढला नाही. दोन बोटांत नुसता धरून ठेवला.

बादली वाजतच होती, पण तिला आता ती दूरच्या कुठल्याशा गावात वाजत असावी तसं वाटलं. पाणी कोमट झालं. विहिरीच्या कडेला कपारीत पारवे घुमत होते. मूठ केव्हा सुटली, डोळा केव्हा लागला, तिचं तिलाही समजलं नाही.

जाग आली तेव्हा ओट्याजवळच्या चिंचेची सावली सरकून भिंतीवर गेली होती. बादली थांबलेली होती. बाबा एका हातानं बाजरी निवडत होते. दुसऱ्या हातात अंगठा तसाच.

शलाका उठून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. बाबांनी तिला रडू दिलं.

"बावीस वर्षं..." ती डोळे पुसत म्हणाली, "प्रत्येकाचा अंगठा धरून उभे राहायचात तुम्ही?"

"मग काय. पाय दुखायचे संध्याकाळी."

ती हसली. पण शेवटी शलाकाच ती! रडून होतं न होतं तोच तिचा हात फोनकडे गेला.

"बाबा, पण हे यात बसवू कसं? पायाला लावायचं असं काही छोटं उपकरण... उबदार... एकदा हे जमलं ना, तर अकराच्या अकरा केंद्रांत..."

बाबा तिच्या मनगटाकडे बघत होते. तिथं चांदीचं कडं होतं.

"उद्या हे घरी ठेवून अण्णांबरोबर आत जा, पोरी. त्या खोलीत धातू चालत नाही."