ओसव

एका राज्यात डोंगराच्या कुशीत अथांग सरोवर होते आणि डोंगराच्या पायथ्याशी नगर होते. दोहोंमध्ये एक दगडी दार होते. पाणी चढू लागले की द्वारपाल जुन्या भाषेतले तीन शब्द उच्चारी, दार उघडे आणि पाणी नगराला वळसा घालून मुकाट दरीत उतरे. मात्र शब्द मनात मुरलेला असावा लागे. उसन्या शब्दाला ते दार बधत नसे.

त्या राज्यावर शाप होता. राजा मणिध्वजाच्या आजोबांनी कालकेतू मांत्रिकाच्या त्या जुन्या भाषेची भर दरबारात थट्टा केली होती. तो जाताना म्हणाला, "तुमच्या राज्यात माझ्या भाषेतला कानाने घेतलेला नवा शब्द सूर्याबरोबर मावळेल."

तेव्हापासून तसेच होत आले. शापाआधी शिकलेला एकटा रुद्रोबा द्वारपाल उरला होता आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता.

पाठशाळेत शर्वाणीबाई मुलांकडून ते शब्द दिवसभर घोकून घेत. सकाळी विचारले की मुले एकमेकांकडे पाहत. बाईंनाही काही आठवत नसे. त्या पुन्हा रुद्रोबाच्या उशाशी जाऊन बसत. येताना पाण्याकडे बघायचे नाही असे ठरवत आणि तरीही बघत. पाणी वर आलेले असे.

एके दिवशी पाठशाळेच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

"मी कालकेतूची साळुंकी," ती म्हणाली. "त्याने शाप फक्त कानांना दिला. एक शब्द हातात द्या. एक उरात द्या. तिसरा देऊच नका, त्याची गरज पडू द्या."

बाईंनी मुलांना सरोवराकाठी नेले. ओला, शेवाळलेला दगड प्रत्येकाच्या हाती दिला. "निरुळ," त्या म्हणाल्या. दगड हातांतून निसटत होते, मुले ओरडत होती, "निरुळ! निरुळ!" दुसऱ्या सकाळी शब्द त्यांच्या ओठांवर होता.

दुसरा शब्द होता झांवर. घरी न परतलेल्या माणसासाठी वाटणारी काळजी.

"तुम्ही कोणाची वाट पाहिली आहे?" बाईंनी विचारले.

राजकन्या इरावती हळूच म्हणाली, "आईची. ती शिकारीला गेली होती. घोडा एकटाच आला." मग एकेक मूल बोलू लागले. तो शब्दही टिकला.

तिसरा राहिला. दुसऱ्या सकाळी बाई मुलांना घेऊन रुद्रोबाकडे गेल्या. त्याने कसाबसा उच्चारला, "ओसव. म्हणजे पकड सोड." आणि त्याचा आवाज कायमचा बसला.

दुपारी डोंगरावरून लोंढा आला. पाणी दाराच्या माथ्याला भिडले. बाई मुलांसह काठावर उभ्या होत्या. राजा धावत आला.

"आचार्ये, सूर्य कलला. शब्द कोण बोलणार?"

"मी," इरावती म्हणाली.

दाराजवळची पायरी जेमतेम लहान पावलाएवढी होती. इरावती खाली उतरली. काठावर पालथ्या पडून बाईंनी तिचे मनगट घट्ट धरले. "निरुळ," ती म्हणाली. दार थरथरले. "झांवर." दगडांतून धूळ गळली. "ओसव." काहीच झाले नाही. ती पुन्हा म्हणाली. पाणी माथ्यावरून सांडू लागले.

वर दगडात एक कडी होती. ती धरली तर पाय सावरणार होते, पण हात पोचत नव्हता. बाईंची बोटे मनगटात रुतली होती. बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या, "पडशील गं, पडशील."

"ओसव, बाई!" इरावती कळवळून ओरडली. "ओसव!"

बाईंनी डोळे उघडले. अवघा जीव एकवटून त्यांनी बोटे सोडली. पोरीने झेप घेतली, कडी धरली आणि त्याच क्षणी दार करकरत उघडले. पाणी गर्जना करीत दरीकडे वळले. राजाने लेकीला वर ओढून पोटाशी धरले.

दुसऱ्या दिवशी शर्वाणीबाई पाठशाळेच्या उंबऱ्यापाशीच थबकल्या. विचारायचे धैर्य होईना. आत धाकटी दोघे एका लाकडी घोड्यावरून भांडत होती.

"ओसव! माझा आहे तो!"

"तूच ओसव!"

बाई तिथेच खाली बसल्या आणि हसता हसता रडल्या. शाप फिटला. पुढे त्या राज्यात कोणतेही मूल नवा शब्द घेऊन सुखाने झोपी गेले आणि तो घेऊनच जागे झाले.