दोघांची एक डोणी

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की माळावर तेव्हा वाटसुद्धा पडली नव्हती आणि जनावरं बोलायची. तशी ती आजही बोलत असतील, बिघाड झाला असेल तर आपल्या कानांत झाला असेल. पण ते राहू दे, गोष्ट ऐका.

त्या माळावर एक मेंढका राहत होता. साठ मेंढ्या, बायको, नुकती चालायला लागलेली मुलगी आणि कुत्र्याची दोन पिल्लं, एवढा त्याचा संसार. पिल्लांची आई लांडग्याशी झुंजताना मेली होती. मेंढ्यांच्या वाड्याची राखण आता या दोघांवरच येणार होती. एक कोळशासारखा काळा, तो काजळ्या. दुसरा पांढऱ्यावर तांबडे डाग असलेला, तो बांड्या.

मेंढक्याच्या घराण्यात एक रीत होती. कुत्री किती का असेनात, त्यांनी एकाच दगडी डोणीत खायचं. भाकरी ताकात कुस्करायची, डोणीत ओतायची आणि सगळ्यांना एकदम सोडायचं. एका डोणीत तोंड घातलं की जीव एक होतो, मग लांडगा आला तरी कुणी कुणाला सोडून पळत नाही, असं त्याच्या आजोबांनी सांगितलं होतं. आजोबांचं म्हणणं तपासून बघायची पद्धत तेव्हा नव्हती. आताही फारशी नाही.

पिल्लं लहान होती तोवर ठीक चाललं. मग एकदा एका एडक्यानं काजळ्याच्या जबड्यावर धडक मारली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून त्याला एकेक घास घोळवून, सावकाश खावं लागे.

"झालं का तुझं?" अर्धी डोणी रिकामी करून बांड्या विचारायचा.

"आत्ता तर सुरू केलं."

"मग तू बस निवांत. उरलेलं मी बघतो."

आणि तो बघायचाच. बांड्या दुष्ट नव्हता. त्याला भूक होती आणि डोणी समोर होती. एवढ्यावरून कुणाला दुष्ट ठरवायचं तर आमच्या घरातलं कुणीच सुटायचं नाही.

काजळ्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आधी तो खाताना अंग आडवं घालू लागला. मग न चावता गिळू लागला. आणि एका संध्याकाळी त्यानं ओठ वर उचलला आणि तो गुरगुरला.

माणसांना नुसता आवाज ऐकू आला. बांड्याला शब्द ऐकू आले. काजळ्या म्हणत होता, "इथून पुढं येऊ नकोस. माझं होऊ दे. मला परत उपाशी राहायची भीती वाटते."

"बरं बाबा, खा," बांड्या म्हणाला आणि दोन पावलं मागं जाऊन बसला. दात लागला नाही, रक्त आलं नाही. भावाभावांतलं भांडण तिथंच मिटलं होतं.

पण मेंढक्यानं ते गुरगुरणं ऐकलं.

"माझ्या वाड्यात, माझी भाकरी खाऊन, माझ्याच कुत्र्यावर गुरगुरतोस?" तो म्हणाला आणि त्यानं काजळ्याच्या तोंडावर काठी हाणली.

तेव्हापासून रोज डोणी भरली की मेंढका काठी घेऊन शेजारी उभा राहू लागला. काजळ्या खात असताना मुद्दाम डोणीत हात घालायचा, घास काढून बांड्यापुढं टाकायचा. काजळ्या गुरगुरला की काठी. पुन्हा गुरगुरला की पुन्हा काठी.

बायको दुसऱ्या माळावरून लग्न होऊन आली होती. ती एकदा म्हणाली, "आवं, त्याला वेगळं घालू का? माझ्या माहेरी हरेक कुत्र्याला आपापलं खापर असायचं."

"आज खापर वेगळं केलं तर उद्या मन वेगळं हुईल. आन तुझ्या माहेरी मेंढ्या तरी किती राहिल्या, सांग बघू?"

माहेरी मेंढ्या फारशा राहिल्या नव्हत्या, म्हणून ती गप्प बसली. चार दिवसांनी मात्र तिला राहवलं नाही. "आवं, तो नुसता गुरगुरत न्हाई. कायतरी सांगतोय तो."

मेंढका मोठ्यानं हसला. "आता तू मला कुत्री शिकवणार? पोरगी शिंकली तरी तू रातभर जागतीस. तुला सावलीतबी साप दिसतो."

हे मात्र खरं होतं. तिला सावलीत साप दिसायचे. आजवर दिसलेले सगळे साप शेवटी सावल्याच निघाले होते. आपल्याच डोळ्यांवरचा तिचा भरवसा उडाला आणि तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही.

महिन्याभरात काजळ्याचं गुरगुरणं बंद झालं. मेंढक्याला कोण अभिमान! शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्याला त्यानं मुद्दाम बोलावलं आणि काजळ्याच्या तोंडाखाली, डोणीत हात घालून दाखवला.

"बघितलंत का तात्या? गरीब गाय झाला."

म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या शेपटीकडं बोट दाखवलं. "गाय चारा खाताना शेपूट हलवती. ह्याची काठीवानी ताठ हाय."

"तुमचं आपलं कायतरीच!"

शेपूट ताठ होती हे खरंच होतं. कुणी जवळ आलं की काजळ्या चावायचा थांबे. तोंड घासावर तसंच धरून निश्चल उभा राही, आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसे. पण वाड्यात आवाज नव्हता, आणि आवाज नसला की माणसं त्याला शांतता समजतात.

बांड्याची तर पंचाईतच झाली. "काय रे, हल्ली काहीच म्हणत नाहीस?" तो विचारायचा. "पूर्वी कुठं थांबायचं ते कळायचं तरी. आता मी येऊ की नको येऊ?"

काजळ्या उत्तर देत नसे. गुरगुरण्याशिवाय त्याच्याकडं दुसरे शब्द नव्हते, आणि तेवढे त्याच्याकडून काढून घेतले होते.

मग लोकर कातरायचा दिवस आला. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं मदतीला आली. दुपारी त्यांच्यासाठी एडका कापला, आणि वर्षातून एकदाच दिसणारी हाडं डोणीत पडली. काजळ्यानं एक हाड धरलं. बांड्या पलीकडून हळूहळू डोणीकडं निघाला. आणि इकडून मेंढक्याची मुलगी, हातात भाकरीचा तुकडा घेऊन, डुलत डुलत निघाली.

"काज्या, घे," ती म्हणत होती.

आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली तेव्हा तिला काजळ्या दिसला. त्याचं चावणं थांबलं होतं. काय होणार ते तिला लख्ख कळलं. ओरडायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. मग तिला वाटलं, एवढी माणसं जमलीत. परत सावलीच निघाली तर सगळी हसतील.

तव्यावरची भाकरी उलटायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ती थांबली.

काजळ्यानं झेप घेतली ती बांड्यावर. मुलीचा हात मध्ये होता. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, काही नाही. आधी मुलीची किंकाळी ऐकू आली आणि मग माणसं धावली.

मुलगी जगली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची वाकडी झाली, काजळ्याच्या जबड्यासारखी.

मेंढक्यानं कुऱ्हाड आणली. काजळ्या पळाला नाही. कुऱ्हाड वर गेली तेव्हाही तो गुरगुरला नाही. त्याला जसं शिकवलं होतं तसंच तो वागला.

संध्याकाळी मुलीचा हात मांडीवर घेऊन बायको बसली होती. ती म्हणाली, "मला आधी दिसलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?" मेंढका ओरडला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. "बोलले होते. दोनदा."

 पण हे बोलून तिला बरं वाटलं नाही. तिसऱ्यांदा बोलायचं होतं ते तिचंच राहून गेलं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण थंडी पडली आणि लांडगे उतरले. वाड्याला बाजू दोन आणि भुंकणारं तोंड एकच. बांड्या एका अंगाला धावला की दुसरं अंग उघडं पडे. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात अकरा मेंढ्या गेल्या, आणि लांडग्यांना आडवा गेलेला बांड्याही गेला. त्यानं पळ काढला नव्हता. पण त्याच्या बाजूला उभं राहायला कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन पिल्लं आणून दिली. मेंढक्यानं सवयीनं डोणी धुवायला घेतली. तेवढ्यात मागं काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. बायकोनं धडधाकट मडकं दगडावर आपटलं होतं.

"आगं, चांगलं मडकं फोडलंस?"

तिनं दोन मोठी खापरं निवडली. एक चुलीपाशी ठेवलं आणि दुसरं वाड्याच्या पार पलीकडच्या टोकाला.

पिल्लं खाऊ लागली. मेंढका जवळून गेला तसं धाकटं पिल्लू अंग आखडून गुरगुरलं. मेंढक्याचा हात आपोआप काठीकडं गेला.

तेव्हा मुलगी पुढं झाली. आता तिला नीट बोलता येत होतं. तिनं वाकड्या बोटांचा हात बापाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तो सांगतोय. मागं सरका."

मेंढका दोन पावलं मागं सरकला. बांड्या सरकायचा तेवढाच. पिल्लानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ते पुन्हा खाऊ लागलं. दगडी डोणी तशीच पालथी पडून राहिली, आणि पुढं बरीच वर्षं मेंढका येताजाता तिच्याकडं बघायचं टाळत राहिला.

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, तात्पर्य एवढंच: गुरगुरणाऱ्याला गप्प केल्यानं त्याची भीती जात नाही, ती फक्त सांगायची थांबते आणि मग न सांगता चावते.