ठकूबाईचं मोहरीचं रान

निवांतनाथ महाराजांचा मुक्काम त्या साली खडकमाळला होता. माळावरचं पडकं शिवालय हेच त्यांचं घर आणि आल्यागेल्याला मूठभर फुटाणे हाच त्यांचा प्रसाद. तिथे ठकूबाई नावाची एक धनगरीण रोज लंगडत दर्शनाला येई. पाय मोडल्यापासून तिला भाऊबंदांबरोबर मेंढरं घेऊन कोकणात उतरता येत नव्हतं, आणि दिवाळीनंतर माळावर गवताची काडी उरत नसे. वीस मेंढरं होती. ती जगली तर ठकूबाई जगणार होती.

भाद्रपदात महाराजांनी तिच्या पदरात मोहरी घातली. म्हणाले, "ठकू, ही दाण्यासाठी नको, पाल्यासाठी पेर. कार्तिकात मेंढरं यावर चरतील. पण आधी वाळकं, मग हिरवं. उपाशी जनावर यात सोडायचं नाही."

गावचे दौलतराव देशमुख हे ऐकून पोट धरधरून हसले. दावणीला बारा गाई, आणि जनावरातलं आपल्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही असा भारी तोरा! "अगं, मोहरी फोडणीत घालतात," ते पारावरून ओरडले. "जित्या मेंढरांना फोडणी देतेस का काय?"

ठकूबाईने पदरातली मोहरी सावरली आणि आपल्या मुरमाड तुकड्याची वाट धरली. देशमुखांपुढे बोलून करणार काय? तिने पेरलं, राखलं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कार्तिक लागला तेव्हा त्या मुरमाड तुकड्यात गुडघाभर पाला उभा होता. सगळा माळ करपलेला आणि तेवढंच रान हिरवंगार! बघणारे हात जोडू लागले.

देशमुखांना मात्र ते बघवेना. 'म्हातारीची खोड मोडतोच,' म्हणून एके सकाळी त्यांनी कुंपण उपटलं आणि आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेल्या बाराही गाई आत घातल्या. ठकूबाई मेंढरांना वाळका पाला चारून येते तो रानात नुसते बुडखे! तिचा सगळा हिवाळा गाईंच्या पोटात गेला होता.

इतक्यात एक गाय धाडकन कोसळली. मग दुसरी, मग तिसरी, बघता बघता बाराही. उपाशीपोटी खाल्लेल्या हिरव्याने पोटं फुगली, डाव्या कुशी ढोलासारख्या ताणल्या, डोळे पांढरे झाले. देशमुखांनी तेल पाजून पाहिलं, पोटं चोळून पाहिली, सगळं शहाणपण संपलं. शेवटी ते अनवाणी शिवालयाकडे धावले.

महाराज आले. देशमुखांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "ठकू," ते म्हणाले, "अन्याय तुझ्यावर झाला. माग. पण एकच माग. रान मागशील तर रान उभं राहील, गाई मागशील तर गाई उठतील."

ठकूबाईने मागे वळून पाहिलं. वीसही मेंढरं तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. तिचा जीव तीळ तीळ तुटला.

"म्हाराज," ती म्हणाली, "गाया उठवा. कुपाण त्यांनी न्हाई मोडलं. मुक्या जनावराचा काय गुन्हा?"

महाराजांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी पहिल्या गाईच्या कुशीवर तळवा ठेवला आणि 'शिव शिव' म्हटलं. गाईने मोठा उसासा टाकला, पोट सैल पडलं आणि ती उभी राहिली! तिच्यामागून एकेक करत बाराही उठल्या.

आणि ठकूबाई किंचाळलीच. गाईंच्या खुरांमधून, चावून टाकलेल्या बुडख्याबुडख्यातून, कोवळी पानं वर येत होती. माणसांच्या डोळ्यांदेखत रान घोट्याएवढं झालं, पोटरीएवढं झालं, गुडघ्याला लागलं.

देशमुखांनी महाराजांचे पाय धरले. महाराज दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "इथे नाही, दौलतराव. मी तर विचारून मोकळा झालो. देणारी ती."

तेव्हा त्या गर्विष्ठ माणसाने डोक्याचं पागोटं काढलं आणि धनगरणीच्या धुळीने भरलेल्या, मोडक्या पायावर ठेवलं. जिने स्वतःचा घास सोडून वैऱ्याच्या दावणीसाठी पदर पसरला, तिचं रान उघडं ठेवायची छाती देवाला तरी कशी व्हावी!