तळाच्या मडक्यातलं पाणी

कराडच्या दगडू मिस्त्रींच्या गॅरेजात मोटार कंपनीचे बडे इंजिनिअर सरनोबतसाहेब तपासणीला आले. कंपनीच्या गाडीचा आराखडा त्यांनीच काढलेला.

"हेडलाइटचा एक बल्ब बदलायला तीन तास? आमच्या कंपनीची पाटी आजच उतरवा!"

"साहेब, बल्बाला हात पोचायला आधी अख्खा बंपर खोलावा लागतो," मिस्त्री काकुळतीनं म्हणाले.

"रचनेत खोट नाही. तुमचे हातच मंद!"

मिस्त्रींची बायको बायजाक्का आतून ऐकत होती. ओरडून साहेबांचा घसा कोरडा पडला, त्यांनी पाणी मागितलं.

"देते की! या आत."

तिनं त्यांच्यासमोर मडक्यांची उतरंड उतरवायला घेतली. चिंचेचं मडकं, मिठाचं, डाळीचं, तांदळाचं. एकेक अगदी जपून.

"अहो बाई, पाणी कुठंय?"

"सगळ्यात खालच्या मडक्यात."

"घडोघडी लागणारं पाणी तळाशी कुणी ठेवतं का?"

"रचनेत खोट नाही, साहेब," बायजाक्का शांतपणे म्हणाली, "माझे हातच मंद!"

साहेब आधी ओशाळले, मग खदखदून हसले.

पाटी जागच्या जागी राहिली. आणि पुढच्या वर्षीच्या गाडीचा बल्ब बायजाक्कानंच बदलला, चहाला उकळी येईपर्यंत.