शिल्लक जागा

“भरला म्हणजे काय?” हिरेमठबाईंनी विचारलं.

प्रणीत उटगे दारातच उभा होता. त्यानं मोबाइल पुढे केला.

“हे बघा, बाई. तुमचा भूजलाचा विषय. शिल्लक जागा शून्य.”

कॉलेजात कुठल्याही विषयाची जागा सुटली, की त्या क्षणी सगळ्यांना निरोप पाठवणारं ॲप प्रणीतनं स्वतः तयार केलं होतं. सोलापुरातल्या त्या कॉलेजात आता सगळेच ते वापरत. त्याचा त्याला अभिमानही होता. पण त्या दिवशी सकाळी बाईंच्या विषयात एक जागा सुटली, निरोप गेला, आणि प्रणीतनं पान उघडेपर्यंत ती दुसऱ्या कुणीतरी घेतलीसुद्धा.

“माझ्याच ॲपनं माझी जागा घालवली,” तो म्हणाला. “एक जागा वाढवून द्या, बाई. आमच्या गावात बोअर घेतात, कोरडं जातं. मग दुसरीकडे घेतात, तेही कोरडं. पाणी कुठं असतं ते मला शिकायचंय.”

बाई खडूचा डबा उचलून वर्गाकडे निघाल्या. तो मागोमाग गेला.

वर्गात मोजकीच मुलं होती. मागचे बाक रिकामे...

“बाकीचे कुठायत?”

“निरोप आला, त्यांनी जागा घेतली. कशाची घेतली ते नंतर पाहिलं असेल.”

प्रणीतची मान खाली गेली.

“मी ॲप बंद करतो.”

“कशाला? उपयोगाचं आहे ते.”

“मग न येणाऱ्यांची नावं काढा.”

“तो अधिकार माझा नाही.”

“मग मी काय करू?”

बाईंनी एका रिकाम्या बाकाकडे बोट केलं.

“पण बाई, नोंदणी नाही तर परीक्षा नाही. गुण नाहीत...”

“नाहीत.”

त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग जाऊन बसला.

त्या आठवड्यात त्यानं ॲप थोडं बदललं. सुटलेल्या जागेखाली आता त्या विषयात काय शिकवतात तेही दिसू लागलं. बाईंचा एकही तास त्यानं चुकवला नाही. हजेरी घेताना त्याचं नाव यायचं नाही, तेवढा वेळ तो खिडकीबाहेर बघायचा.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी वर्ग शहराबाहेरच्या एका विहिरीवर नेला. पंप लावून पाणी खाली नेलं, मग पंप बंद केला. आता पाणी किती वेगानं परत चढतं ते मोजायचं होतं. तेवढ्यात वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती; म्हणजे पंप पुन्हा लावता येणार नव्हता. मोजणी मध्येच तुटली असती तर सगळी खटपट वाया गेली असती.

काठावर ओणवा होऊन प्रणीतनं टेप आत सोडली होती. शेजारी सुमेधा काशीद आकडे लिहून घेत होती.

दोघांचे मोबाइल एकदमच वाजले. सुमेधानं तिचा काढून पाहिला.

“प्रणीत, आपल्याच विषयाची जागा सुटलीय. घे पटकन. टेप मी धरते.”

“हात बदलला की आकडा हलेल.”

“अरे, आज शेवटचा दिवस आहे.”

“माहितीय.”

“मग?”

“लिही,” तो म्हणाला, आणि त्यानं आकडा सांगितला.

विहिरीच्या पलीकडच्या काठावर बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. 

प्रणीतनं आणखी एक आकडा सांगितला. मग आणखी एक...

सुमेधानं पुन्हा मोबाइल पाहिला.

“गेली,” ती हळूच म्हणाली.

प्रणीतची बोटं टेपवर घट्ट झाली.  पण नजर पाण्यावरून हलली नाही.

“बाई,” तो मान वर न करता म्हणाला, “जागा गेली...”

बाई वळसा घालून त्याच्या शेजारी आल्या. गुडघे टेकून बसल्या आणि आत वाकल्या.

“पाणी कुठवर आलं?”